तांबी बसवायची आहे

बायकांच्या दुखण्याविषयी बोलायची वेळ आली की शांतवनकाका छताच्या पंख्याशी बोलायचे. खरंच! नगरच्या आमच्या मिशनच्या शाळेत विम्याचं सगळं काम या क्लार्ककाकांकडे. बाळंतपणाला ते ‘तो कार्यक्रम’ म्हणत, पाळीला नुसतं ‘ते’. आणि वर, "कुनी ऐकलं न्हाई ना?"

अशा माणसाकडे मला तांबीचं विचारायला जावं लागलं. दुसऱ्या सिझरला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता तिसरं नको. टाके उसवले तर जिवावर बेतेल." तेव्हापासून माझी झोपच उडाली. नवरा नागापूरच्या कंपनीतून दमून यायचा. बिचारा झोपेत नुसता कुशीवर वळला तरी मी भिंतीकडे सरकायची. दोन्ही सिझर संस्थेच्या विम्यात झाली, मग तांबी का नाही, एवढाच माझा साधा हिशोब.

"हळू बोला, बाई!" काकांना घाम फुटला. "आपली कॅथलिक संस्था. तुमची नोकरी जाईल अन् माझी बी."

तरी फादरांकडे गेले हो बिचारे. आमचे मुख्याध्यापक फादर केरळचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. काका दारातूनच पुटपुटले, "बाईंना तांबी बसवायची हाय," आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या क्वार्टरच्या दारात प्लंबर उभा! "फादरनी धाडलंय. तांब्याचं कायतरी बसवायचंय म्हनं. कुठं?"

कपाळ माझं! त्याला वाटेला लावला आणि तणतणत ऑफिस गाठलं. प्लंबरचं ऐकून काका हसायला लागले, आणि मला एकदम रडूच फुटलं.

"हसू नका, काका. माझी पाळी चुकलीय. राहिलं असलं तर मी मरेन हो. पोरं केवढीशी आहेत माझी!"

पुढं पाळी आली, पण त्या सकाळी ते कुठं ठाऊक होतं!

काका उठले आणि सरळ फादरांच्या खोलीत गेले. मी व्हरांड्यात. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"फादर, तांबी म्हंजे नळ न्हाई. मूल ऱ्हाऊ नये म्हनून बाईच्या पिशवीत बसवत्यात ती. विम्यात घ्या."

 फादर हळूच म्हणाले, "शांतवन, चर्चला हे मान्य नाही. मला करता येणार नाही."

काका बाहेर आले. थेट माझ्याकडे बघत होते.

"बाई, सिव्हिलला चला. तितं फुकट बसवत्यात."

मी भडकलेच. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

मग भिंतीला धरून ते बाकावर बसले.

"आमची मंडळी तिसऱ्या बाळंतपनात गेली, बाई. तवाबी सिव्हिलचं मला ठाऊक हुतं."