पेशंट ऐकत नाही

टेलर मास्तरांचं सात किलो वजन घटलंय हे ज्या दिवशी उघड झालं, त्या दिवशी मधुमेहाच्या दवाखान्यात आनंदीआनंद झाला. शंका आली ती एकट्या मास्तरांना.

सिस्टरनी त्यांना काट्यावरून उतरवलं आणि पुन्हा चढवलं. "भिंतीला हात टेकू नका हं!" त्या ओरडल्या. बारा वर्षं मास्तर या काट्यावर चढत होते आणि दर वेळी झडतीत चोरीचा माल सापडावा तसं त्यांचं वजन कागदावर चढत होतं. गुडघा दुखला, वजन कमी करा. डोळ्यात कचरा गेला, वजन कमी करा.

"सात किलो!" बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळेल अशा आवाजात सिस्टर म्हणाल्या. "शेवटी घेतलंत ना मनावर, काका!"

"अहो, मी काहीच केलं नाही. जेवण तेच आहे. तहान मात्र फार लागते."

"पाणी पिणं चांगलंच!"

"पँटची कंबर दोन महिन्यांत दोनदा आत घेतली मी. स्वतःच्या मशीनवर."

"आता नवीनच शिवा!"

जाड माणसाला कुणीही उठून अक्कल शिकवतं, हे मास्तरांना पाठ होतं. पण ओरडून का? केसपेपरच्या खिडकीतला माणूसही फाइल काढून देताना ओरडूनच बोलला होता. इथे काहीतरी शिजतंय, असं त्यांना वाटायला लागलं.

आत नवे डॉक्टर होते. येऊन महिनाच झालेला. त्यांनी फाइल उघडली, मास्तरांकडे पाहिलं आणि तोंडाभोवती हातांचा कर्णा केला. "छान! असंच! चालू! ठेवा!"

"डॉक्टर, वजन आपोआप उतरतंय. सुईत दोरा ओवताना धूसर दिसतं."

"आधी! कान! दाखवून या!" त्यांनी चिठ्ठी दिली.

मास्तर चिठ्ठी आणि फाइल घेऊन जिना चढले. तहान लागते म्हटलं तर कान तपासतात, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर झालंय आणि सांगत नाहीयेत.

कानाचे डॉक्टर म्हातारे होते. ते मास्तरांच्या पाठीमागे गेले आणि अगदी हळू कुजबुजले, "तुमचा शर्ट उसवलाय."

"खांद्यापाशी ना? माहितीय. लोकांचं शिवता शिवता राहून जातं. पूर्वी ही आठवण करून द्यायची."

"अहो, तुम्हाला तर झकास ऐकू येतं! बहिरं कुणी ठरवलं तुम्हाला?"

त्यांनी फाइल उघडली. पहिल्याच पानावर आधीच्या डॉक्टरांच्या अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं : 'पेशंट ऐकत नाही.'

मास्तरांनी ते वाक्य लगेच ओळखलं. दर खेपेला बायको शेजारच्या खुर्चीत बसून तेच म्हणायची, "सांगून सांगून दमले, डॉक्टर. हे ऐकतच नाहीत." डॉक्टरांनी कधीतरी ते लिहून घेतलं असणार. ती जाऊन आठ महिने झाले. वाक्य अजून कामावर होतं.

डॉक्टरांनी ते खोडायला पेन काढलं.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "तिचं आहे."

डॉक्टरांनी पेन मागे घेतलं. मग त्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'ऐकू येतं. पेशंटचंही ऐकावं.' आणि खुर्ची पुढे ओढून विचारलं, "बरं, होतंय काय तुम्हाला?"

असं कुणी विचारल्याची मास्तरांना सवय नव्हती. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग सगळं सांगितलं. तहान, कंबर, सुईतला दोरा. ऐकता ऐकता डॉक्टरांचं हसू मावळलं.

"आणि यावर त्यांनी तुमची पाठ थोपटली? चला खाली!"

खाली नव्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. "मास्तर! माफ करा! मी नीट विचारायला हवं होतं!"

"हळू," मास्तर म्हणाले. "ऐकू येतं."

ही बातमी बाहेरच्या बाकापर्यंत गेली. सिस्टर लगबगीनं आल्या आणि इतक्या हळू काहीतरी बोलल्या की मास्तरांना "काय?" म्हणावं लागलं. सगळ्यांनी पुन्हा त्यांच्या कानांकडे पाहिलं.

"बोट पुढे करा, म्हटलं," सिस्टर म्हणाल्या आणि सुई आणायला आत गेल्या.

मास्तर बोट पुढे करून बसले. सकाळपासून त्यांचं दोनदा वजन झालं होतं, दोन्ही कान तपासून झाले होते. साखर तपासायची राहिली होती.