दमास्तर

दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गंजीला आग लागली, तेव्हा आमच्या शाळेचा चपराशी किसन धावत स्टाफरूममध्ये आला. मोठ्या पोरांना बादल्या घेऊन पाठवा, असा निरोप होता. पण समोर इंग्रजीचे पिंपळे सर बसलेले पाहून बिचाऱ्याला काय सुचलं कोण जाणे, तो ओरडला, "सर, द फायर! द फायर!"

पिंपळे सरांनी चष्मा काढला. "द? कोणती द? तिच्याबद्दल आपलं आधी काही बोलणं झालंय का?"

"नाही जी."

"मग पहिल्यांदा 'अ फायर' म्हण. आग आम्हाला कळली, की मग दुसऱ्या वाक्यात 'द फायर'."

खिडकीतून काळा धूर दिसत होता. किसन म्हणाला, "सर, तुमी येऊन पाहून घ्या ना जी, मंग ठरवा अ हाय का द हाय ते."

मी पोरांना घेऊन पळालो. किसनला मात्र सरांनी दोन्ही वाक्यं बरोबर आल्यावरच सोडलं.

मी त्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचो आणि राहायचो सरांच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे दामोदर पिंपळे हा माणूस मला शाळेत आणि घरी, दोन्हीकडे भोगायला मिळाला. गाव त्यांना 'द मास्तर' म्हणायचं. भरभर बोलण्यात त्याचं 'दमास्तर' झालं. अमरावतीहून नवे हेडमास्तर आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सरांना बोलावून ज्येष्ठमधाची पुडी दिली आणि थंडीत छातीला जपा म्हणून सांगितलं.

त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला आणि पुढे महाराष्ट्रात आला. लोक सभा घेत होते, पेढे वाटत होते. सरांचं दुःख वेगळंच. इंग्रजी आता आठवीपासून सुरू होणार, हे त्यांना कळलं होतं. "एवढ्याशा वेळात मी पोरांना अ, ॲन, द शिकवू, की बाकीची भाषा?" ते मला म्हणाले. त्यांनी निवड केली. बाकीची भाषा सोडून दिली. आमच्या पोरांच्या निबंधात मग आर्टिकलं चोख असायची, क्रियापदं नसायची.

मराठीवर त्यांचा राग होता. "आपल्या भाषेत हे नाहीच. म्हणून आपलं असं आहे. 'माणूस आला.' कोणता? ठाऊक असलेला, की कोणीतरी? काही पत्ता नाही! अशा भाषेत व्यवहार होतात, हेच नवल." हे ते दूधवाल्यालाही सांगायचे. दूधवाला मान डोलवायचा आणि पाणी घातलेलं दूध मापून जायचा.

एवढं असून सर कधी साहेबाशी बोलले नव्हते. तोही योग आला. जिनिंगमध्ये नवं यंत्र बसवायला कुठल्याशा परक्या देशाचा गोरा इंजिनिअर आला आणि मालक शेटजींनी दुभाषी म्हणून पिंपळे सरांना बोलावलं. सर बंद गळ्याचा कोट घालून गेले. मीही गंमत पाहायला गेलो. दिग्रसचं पाणी साहेबाला मानवलेलं नसावं. तो पोटावर हात धरून घाईघाईनं आला आणि म्हणाला, "प्लीज, व्हेअर इज लॅव्हेटरी?"

सरांच्या कपाळाला आठी पडली. साक्षात साहेब, आणि आर्टिकल गायब! त्यांनी अदबीनं विचारलं, "सर, अ लॅव्हेटरी ऑर द लॅव्हेटरी?"

"एनी!" साहेब किंचाळला. "एनी, एनी!"

मी त्याला हाताला धरून नेलं. परत येताना आमच्या दारापाशी आल्यावर सर म्हणाले, "'एनी'ची बाजू आपण लक्षातच घेतली नव्हती."

इथवर हसण्यासारखं होतं. पण सरांच्या घरात सुशीला होती. त्यांच्या बहिणीची मुलगी. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा सरांनी तिला आणलं. सरांची बायकोही लग्नानंतर लवकरच वारली होती, मूलबाळ नव्हतं. मामा आणि भाची, एवढंच घर. सुशीला शांत, कामाला वाघ, दिसायला चांगली. स्थळं येत होती, आणि सर त्यांची परीक्षा घेत होते. मुलीला कोणी काही विचारण्याआधी मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल यायची.

दारव्ह्याच्या एकानं 'सूर्य पूर्वेला उगवतो' याचं इंग्रजी करताना 'सन'च्या आधी काहीच लिहिलं नाही. "सूर्य एकच आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या घरात मुलगी द्यायची?" गेला. घाटंजीचा एक वकील 'अ ऑनेस्ट मॅन' म्हणाला. "प्रामाणिक माणसाच्या आधी 'ॲन' लागतो. यांची कधी गाठच पडली नसेल." तोही गेला. वर्षं जात होती. सुशीलेच्या मैत्रिणी लेकुरवाळ्या होऊन माहेरी येऊ लागल्या. नळावर बायका उघड म्हणायच्या, "मामाले पोरगी द्यायचीच नाही. घरात भाकरी कोण टाकीन?" माझी बायको कमल तर सरांचं नाव काढलं की भांडी आपटायची.

मग पुसदहून गजानन आला. तिथल्या जिनिंगमध्ये कारकून, अंगानं आडवा, बोलायला लाजरा. सोबत म्हातारे वडील. सरांनी मला साक्षीदार म्हणून बसवलं होतं.

"'मला बायको पाहिजे.' करा इंग्रजी."

गजानन म्हणाला, "आय वॉन्ट अ वाइफ."

"अ वाइफ? म्हणजे कोणतीही चालेल?"

गजाननला घाम फुटला. "आय वॉन्ट द वाइफ."

"द? कोणाची?"

वडील खाली पाहू लागले. गजाननने पाटी सतरंजीवर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. तिथं सुशीला चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"सर, मले इंग्रजी नाही येत. मले ही पाह्यजे."

सर 'ही' या शब्दात चूक शोधत असावेत. तेवढ्यात दारातून सुशीला म्हणाली, "मामा, चहा निवून राह्यला. घेऊ द्या त्यांना."

तिनं कधी एवढंही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाटी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "घ्या. चहा घ्या."

लग्न दिग्रसलाच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुसदच्या बसपाशी आम्ही सगळे जमलो. सुशीला खिडकीशी बसली होती, डोळ्याला पदर लावून. सर कंडक्टरला ट्रंक नीट ठेवायला सांगत होते, पुन्हा पुन्हा. गजाननने बहुधा कोणाकडून तरी पाठ करून घेतलं होतं. तो पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "सर, शी विल बी अ डॉटर ऑफ अवर हाऊस."

या प्रसंगी तरी सोडा, असं मी मनात म्हणत होतो. सरांनी सोडलं नाही.

"अ नाही. द म्हणा. अ डॉटर म्हणजे पुष्कळ असतात, त्यांतली एक. मला दुसरी नाही."

"द डॉटर," गजानन म्हणाला.

"मास्तर, घंटी देऊ का जी?" कंडक्टरनं विचारलं. बस गेली.

सरांच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार नव्हती, म्हणून दिवेलागणीला कमलनं त्यांना जेवायला बोलावलं. तिच्या मनातला राग अजून गेला नव्हता, पण वाढलं तिनं मनापासून. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. सर पहिला घास घेऊन थांबले.

"काहून जी? अळणी झाली का?" कमलनं विचारलं.

"नाही, नाही. बरोबर आहे." ते पुढचा घास हातात धरून बसले. "वहिनी, आमच्या सुशीचा हात मिठाला फार जड आहे. अगदी पहिल्यापासून. भाजी असो, वरण असो."

कमल चकित झाली. "मंग सांगितलं नाही कधी तिले?"

"नाही बोललो." सरांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तिकडे कोणी बोललं तर हो तिला?"