ऐसपैस गाऊनचं नाव कोणी नेलं?

विदर्भात गुप्तहेर पुष्कळ असतील. ते गुप्त असल्यामुळे मोजता येत नाहीत. सगळ्यांना माहीत असलेला गुप्तहेर मात्र मी एकटाच. नाव लक्ष्मणराव. एसटीत अठ्ठावीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. प्रवाशाच्या नुसत्या मानेकडं पाहून त्याच्याजवळ तिकीट आहे की नाही, हे मी सांगत असे. कधी चुकलो, तर तो दोष मानेचा. निवृत्तीनंतर पिपरी मेघेतल्या घराच्या फाटकावर 'गुप्त तपास' अशी पाटी लावली. त्याच पाटीवर खाली सुमित्रानं, म्हणजे माझ्या बायकोनं, 'पिको-फॉल करून मिळेल' असं लिहून घेतलं. त्यामुळे माझ्याकडं माणसं भरपूर येतात. साड्या घेऊन येतात.

विमलाबाई त्या दिवशी साडी न घेता आल्या, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

विमलाबाईंचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. पुढच्या खोलीत तीन बायका मशिनीवर बसून घरात घालायचे गाऊन शिवतात. मालाचं नाव 'ऐसपैस गाऊन'. त्यांच्या हातात वकिलाची नोटीस होती. वर्ध्याच्या बाजारात 'ऐसपैस फॅशन' नावाचं दुकान चालवणाऱ्या धर्मेंद्रनं त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता.

"पंधरा दिवसात नाव काढा म्हणते," विमलाबाई म्हणाल्या. "वेबसाइट काढाले गेली, तं ऐसपैस डॉट इन बी कोणंतरी घेऊन ठेवलं. भाऊ, हजार गाऊनच्या मानेले लेबल शिवून हाय. चौदा सालापासून मी हेच नाव लावून राह्यली. त्याचं दुकान तं कोरोना सरल्यावर निघालं."

"पुरावा?" मी विचारलं.

"माह्या वकीलबाईनं बी हेच इचारलं. जो पहिले वापरते त्याचं नाव, पण जुनं काईतरी दाखवा म्हणे. तवा मी बिना बिलाचंच विकत होती. कागद कुठून आणू?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तीन बायकाइचं घर चालते यावर."

मी लगेच मोबाइलवर ऐसपैस डॉट इन उघडलं. हे डोमेन पार्क केलेलं आहे, असं तिथं इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं.

"सापडलं," मी म्हणालो आणि तडक बसस्थानकाच्या गाडीतळावर गेलो. तिथला रूपराव माझ्या जुन्या ओळखीचा.

"नंबर काय हाय गाडीचा?" त्यानं विचारलं.

"नंबर नाही. डॉट आहे."

रूपरावनं मला सावलीत बसवून पाणी दिलं.

अशा नोंदींत मालकाचं नाव गोपनीयतेसाठी झाकतात म्हणे; तरी दुसऱ्या दिवशी मी डोमेनच्या मालकाचं नाव शोधून काढलं. नाव रिडॅक्टेड, आडनाव फॉर प्रायव्हसी. माणूस इकडचा नाही, हे उघड होतं. सेवाग्रामला परदेशी पाहुणे येतात, म्हणून तिथं जाऊन दबा धरला. एका जर्मन गृहस्थाला मागून "मिस्टर रिडॅक्टेड" अशी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं. निर्दोष माणूस कशाला वळून पाहील? पण तो सूत कातायला शिकण्यासाठी त्याच आठवड्यात आला होता. गाऊन म्हणजे काय, हे त्याला समजावताना मी जे हातवारे केले, त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला.

मग माझा संशय घरभेद्यावर गेला. नाव चोरीला गेलं तेव्हा तुम्ही कुठं होता, असं मी तिन्ही शिवणाऱ्या बायकांना वेगवेगळं गाठून विचारलं. तिघींनी एकच उत्तर दिलं, "मशिनीवर." हे संगनमत मी विमलाबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी तिघींना चहा दिला. मला नाही दिला.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गेलो, तर एक बाई ब्लेड घेऊन गाऊनच्या मानेवरची लेबलं उसवत होती. विमलाबाई पाठ फिरवून बसल्या होत्या. मला तिथं उभं राहवेना.

आता धर्मेंद्रच्या घरावर छापा घालण्यावाचून उपाय नव्हता. मी काळा चष्मा, टोपी आणि मफलर असा वेश केला. सुमित्रा म्हणाली, "तुमाले एकट्याले सोडत नाई मी," आणि सोबत आली.

धर्मेंद्रनं दार उघडलं. "या काका. तुमी एसटीतले लक्ष्मणराव ना?"

पोरगा सरळ दिसला. त्यानं डोमेन आपणच घेतल्याचं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "पण नाव मी कोणाचं चोरलं नाई, काका. दुकान काढाचं होतं, नाव सुचत नव्हतं. एक दिवस आंगणात ब्रश करून राह्यलो होतो, अन् एकदम डोक्यात आलं. ऐसपैस."

दात घासल्यानं मेंदूला कशी चालना मिळते, यावर मी बोलू लागलो, तेवढ्यात त्याची आई शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या. चहा ठेवून त्या वळल्या, तशी त्यांच्या अंगातल्या गाऊनची शिवण पाहून सुमित्रा उठली.

"बाई, जरा मान वाकवता का?"

तिनं शकुंतलाबाईंच्या गाऊनची कॉलर उलटवली. धुऊन धुऊन फिकट झालेल्या लेबलावर अक्षरं होती : ऐसपैस.

"विमलाबाईचा हाय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी तिचेच घालते. याच्या दुकानातले काखेत काचते."

"कवापासून घालता?"

"पित्ताच्या खड्याचं आपरेशन झालं तवापासून. दवाखान्यात घालाले पहिला घेतलता. काऊन? यानंच तं फोटो काढला होता माह्या भावाले पाठवाले."

धर्मेंद्रनं मोबाइलमध्ये मागं मागं जात तो फोटो काढला. तारीख २०१५ची. आई खाटेवर, अंगात फुलाफुलांचा गाऊन. उशाशी सलाईनच्या दांडीला संत्र्यांनी भरलेली पिवळी पिशवी, आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'ऐसपैस गाऊन, पिपरी मेघे'.

धर्मेंद्र खिडकीशी गेला. अंगणात तारेवर चार गाऊन वाळत होते, चारही उलटे करून. लेबलं वाऱ्यावर हलत होती. ब्रश करायचा नळ तारेच्या बरोबर समोर होता.

"माझा संशय पहिल्यापासून तारेवरच होता," मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन विमलाबाईंकडं आला. दारातच उभा राहिला. "काकू, मले खरंच सुचलं होतं."

"सुचलं असन, बाबू," विमलाबाई म्हणाल्या. "वाळत तं तुह्याच आंगणात होतं."

त्यानं नोटीस मागं घेतली, अर्जही मागं घेतला, आणि डोमेन विमलाबाईंच्या नावावर करून दिलं. उसवलेली लेबलं पुन्हा शिवायला घेतली, तेव्हा शकुंतलाबाई स्वतः सुईत दोरा ओवायला बसल्या.

दुकानाला नवीन नाव म्हणून धर्मेंद्रनं 'झुळूक' ठरवलं. या खेपेला तो सावध होता. "काका, हे नाव आधीच कोणाचं हाय का, पाहून देसान?"

मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं कामाला लागलो. वर्ध्यातल्या एकेका तारेवरच्या एकेका कपड्याची कॉलर तपासायची, असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी एका परक्या अंगणात नाइटी उलटवून वाचत असताना खांद्यावर हात पडला. हात हवालदाराचा होता.

ठाण्यात सुमित्राला बोलावलं. हवालदारानं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "हे तुमचे कोण लागते?"

सुमित्रानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सांगाच लागते काय?" ती म्हणाली.