कल्ला उचलणारी चांगुणामावशी

चांगुणामावशी कुठलीच वस्तू बंद घेत नाही. पनवेलच्या बाजारात जिताडा घ्यायचा तर आधी बोटानं त्याचा कल्ला उचलते, ताजा आहे का ते कळायला आतला लाल रंग बघते. मग मासा उलटा करून दुसरा कल्ला. मग परत पहिला. कोळणी तिला ओळखून आहेत. एकदा एक वैतागून बोलली, "मावशे, ठेव त्याला खाली. मेल्यावं पन सुख नाय देस."

"मेल्यावच बगाचा असतो गो," मावशी म्हणाली. "जित्तेपनी कोन कल्ला उचलू देतो?"

ती आमची घरमालकीण. पळस्प्याला तिच्या भाड्याच्या खोल्या आहेत, त्यातल्या एकीत आम्ही राहतो. मुलगा नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये असतो. मावशी तिकडे राहायला जात नाही, कारण तिथं मासळी फोनवर मागवतात आणि ती पिशवीत बांधून वर येते. नारळ ती कानाशी हलवते, औषधाची बाटली उजेडात धरते, आणि आम्ही खोली बघायला आलो तेव्हा तिनं माझी हनुवटी धरून तोंड दाराकडे वळवलं होतं. मला वाटलं, आता दात बघते. म्हणाली, "जेवतेस ना नीट? ऱ्हा मग."

मी परभणीकडची. शाळा सातवीतच सुटली. हे ट्रकवर असतात, आठवडा-आठवडा बाहेर. त्यामुळे गेल्या वर्षी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा दवाखान्यात माझ्याबरोबर गेली ती मावशी.

सोनोग्राफीत निघालं की पित्ताच्या पिशवीत खडे आहेत आणि पिशवीची भिंत जाड झालीय. मग सीटी स्कॅन. डॉक्टरांनी फोटो समोर धरून सांगितलं, "जुनी सूज असली तरी भिंत अशी दिसते, आणि कॅन्सर असला तरी कधीकधी अशीच दिसते. आतलं अस्तर सलग दिसतंय, म्हणून मला सूज वाटतेय. पण खात्री देत नाही."

मला कॅन्सर हा शब्द तेवढा ऐकू आला. गावाकडे आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरायला लागलं.

मावशी मात्र खुर्ची पुढे ओढून बसली. "मंग सुई टोचून बगा ना."

"पिशवीला सुई टोचली, आणि आत वाईट काही असलं, तर ते सांडून पसरू शकतं. त्यापेक्षा पिशवी न फुटता अख्खी काढू, यकृताचा लागून असलेला थोडा भाग धरून. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासायला देऊ. वाईट निघालं तर त्याच वेळी पुढचं ऑपरेशन."

"म्हंजे कापल्याबिगर तुमाला पन नाय कलत?"

"नाही कळत, मावशी."

मला वाटलं, आता ही डॉक्टरांना सोडत नाही. पण ती माझे कागद गोळा करून उठली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "ह्याच्याकडंच कराचा. नाय कलत बोलला तो."

ऑपरेशनच्या दिवशी हे आले होते. तुकडा प्रयोगशाळेत पोचवायला तेच धावले. काढलेली पिशवी बाहेर थांबलेल्या घरच्या माणसांना दाखवायची पद्धत असते. डॉक्टर ट्रे घेऊन दारात आले तेव्हा समोर मावशी एकटी होती. पुढचं मला सिस्टरनं सांगितलं. मावशीनं डोळे गच्च मिटले, वर पदर धरला आणि म्हणाली, "मला नका दाखवू. तुमीच बगा. बरा बगा."

तुकड्यात सूजच निघाली. नंतरच्या पूर्ण तपासणीतही सूजच. ती बातमी घेऊन मी मावशीच्या ओटीवर टेकले, थोडी रडले, मग विचारलं, "माश्याचे कल्ले तीनदा बघता, आणि माझ्या वेळेला डोळे मिटले?"

मावशी बोंबील निवडत होती.

"आमच्या म्हाताऱ्याची पन पिशवी काडलेली," ती म्हणाली. "खडे हायेत, सूज हाय, बोललेले सगले. टरे आनला तवा मी डोले फारून बगलेला. लाल व्हती, ताज्या मासलीवानी. मीच सगल्यांना सांगितला, चांगली हाय, कायपन नाय. आल्यागेल्याला पेढे दिले." तिनं एक बोंबील उचलून बाजूला टाकला. "मागनं तपासनी आली, वाईट निघाली. म्हाताऱ्याला मीच बोललेली ना, कायपन नाय म्हनून. त्यानं माजा ऐकलेला."

तिच्या मुलाकडून मागे कधीतरी ऐकलं होतं, की वडील असताना आई बाजारात एकच कल्ला बघायची.

ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते, डोळे पिवळे दिसले तर लगेच या. तेव्हापासून मावशी रोज सकाळी माझ्या दारात उभी राहते. आता सगळं ठीक आहे, डॉक्टरांनीही पुन्हा यायची गरज नाही म्हणून सांगितलंय. तरी येते.

"डोला दाखव."

"मावशी, आता पिशवीच नाही."

"बोलू नको. वर बग."

मी वर बघते. सुक्या बोंबलाचा वास असलेल्या बोटानं ती माझी पापणी खाली ओढते. एक डोळा बघते. मग दुसरा. मग परत पहिला.