पेन्सिलीची रेघ

पाणीपुरवठा कार्यालयात सूनबाईची नोकरी सहा महिन्यांच्या करारावर होती आणि त्यातले चार दिवस उरले होते. नळजोडण्यांच्या यादीतली दुबार नावं काढून दाखव, मग कायम करायचं बघू, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. यादी अकरा हजारांची. हेडक्लार्कनी तीन वर्षं लाल पेनाने खुणा करत 'क'पर्यंत मजल मारली होती.

सूनबाईने महिनाभर खपून संगणकावर चालणारं एक अवजार बनवलं होतं. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या खिडकीत एक आज्ञा टाईप करायची की काम सुरू. सासरे जन्मभर सुतारकाम केलेले, अक्षरओळख साठीनंतर झालेली. घरी ते तिच्या शेजारी स्टूल टाकून बसत आणि सगळं विचारून घेत. आज्ञा ओळखणं, चुकली तर तसं सांगणं, असली बारीक कामं तिने लायब्ररी नावाच्या आयत्या सामानातून घेतली होती. हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बिजागऱ्या बाजारच्या, दार तुझं. चालेल. पण करवत लावायच्या आधी पेन्सिलीची रेघ कुठे मारतेस?"

त्या रेघेवरून दोघांचं आठवडाभर वाजलं होतं. शेवटी त्यांची भुणभुण थांबावी म्हणून तिने अवजारात चार ओळी घातल्या होत्या आणि विसरून गेली होती.

त्या दिवशी सगळं कार्यालय तिच्या खुर्चीमागे उभं राहिलं. तिने आज्ञा दिली. खिडकीतून नावांची मुंग्यांसारखी रांग धावली आणि शेवटची ओळ उमटली: वगळलेल्या जोडण्या ९,८४०, शिल्लक १,१६०.

मग हेडक्लार्क म्हणाले, "माझं 'क'पर्यंतच झालं होतं, पण मी कुणाचं पाणी तोडलं नव्हतं."

एवढं बोलून ते व्हरांड्यात गेले आणि हळू आवाजात बायकोला घरातली सगळी भांडी भरून ठेवायला सांगितली. टायपिस्टबाईंनी बहिणीला कळवलं. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याने घरमालकाला सांगितलं, आणि घरमालकाच्या पोटात तर काहीच राहत नसे. अर्ध्या तासात निम्म्या गावाचे नळ धो धो सुटले. टाकीच्या पातळीचा काटा डोळ्यांदेखत खाली आला. तो बघून साहेबांची खात्रीच पटली की यंत्रणा बसली. त्यांनी माळ्यावरची जुनी रजिस्टरं उतरवायला लावली. हेडक्लार्क शिडीवर चढले. सूनबाईला साहेबांनी शांतपणे सांगितलं की टेबल आवरायला हरकत नाही.

इतक्यात सासरे आले. हातात रिकामी बादली.

"घरचा नळ कोरडा पडलाय. तक्रार कुणाकडे द्यायची?"

"बाबा, सगळं गेलं," सूनबाई म्हणाली. तिच्या हातात खणातल्या वस्तूंची पिशवी होती.

सासऱ्यांनी बादली खाली ठेवली, चष्मा लावला आणि पडद्यापुढे बसले. "ही शेवटची ओळ झाली. पहिली कुठंय?"

साहेब म्हणाले, आजोबा, आता वाचत बसायला वेळ नाही.

"साहेब, मी उशिरा शिकलोय. मला मधूनच वाचायला जमत नाही."

सूनबाईने नावांची रांग वर वर सरकवली. कितीतरी वेळ ती सरकतच होती. अगदी वरच्या ओळीवर सासऱ्यांनी बोट ठेवलं आणि अक्षराला अक्षर जोडत वाचलं, "ही फक्त पेन्सिलीची रेघ आहे. यादीला हात लावलेला नाही. करवत चालवायची असेल तर आज्ञेपुढे 'खरंच' लिहा."

शिडीवर हेडक्लार्क रजिस्टर धरून तसेच थांबले.

सूनबाईने मूळ यादी उघडली. अकरा हजार नावं जागच्या जागी होती. चूकही लगेच सापडली: पत्ता एक तर नाव दुबार, असं तिने अवजाराला शिकवलं होतं, म्हणून एका इमारतीत एकच नळ उरत होता. तिने मीटरचा नंबरही ताडून पाहायला लावला आणि पुन्हा रेघ मारली. तीनशे बारा नावं निघाली. या वेळी सगळ्यांनी पहिल्या ओळीपासून वाचलं, साहेबांनीसुद्धा. मग तिने आज्ञेपुढे 'खरंच' लिहिलं आणि तीन वर्षांचं काम चार सेकंदांत झालं. वगळलेल्यांत एक नाव हेडक्लार्कचं स्वतःचं होतं. ते यादीत दोनदा होतं, आणि 'क'च्या बरंच आधी.

साहेबांनी खणातून सूनबाईला कायम केल्याचं पत्र काढलं. टाळ्या झाल्या. तिने ते आधी सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी पुन्हा चष्मा लावला.

"साहेब, इथे वर 'कच्चा मसुदा' लिहिलंय."

साहेब खाकरले. त्यांनी ते दोन शब्द खोडले, खाली सही केली, शिक्का मारला.

"आता चालली करवत," सासरे म्हणाले आणि बादली उचलली. "तेवढं नळाचं बघा."

हेडक्लार्क शिडीवरून उतरले आणि कुणाकडे न बघता व्हरांड्यात गेले. "अगं," ते फोनवर हळूच म्हणाले, "नळ बंद कर. हो, शेजारच्यांनाही सांग."