उसनी आयेशा

गनीभाई शेख यांनी १९९६ सालच्या जून महिन्यात आपली मुलगी आयेशा हिला पाचवीत घालायचे ठरवले. यात काही अवघड असेल, असे त्यांना वाटले नाही. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात दलाली करण्यात त्यांची हयात गेली होती. बैलाचे दात बघून वय सांगणारा हा माणूस शाळेच्या कागदापुढे मात्र अंगठाबहाद्दर होता. आयेशा चौथीत पहिली आली होती. गावची शाळा चौथीपर्यंतच असल्याने शेजारच्या गावच्या हायस्कुलात जायला ती उतावीळ झाली होती, आणि तिथले प्रवेश तीस जूनला बंद होणार होते. हायस्कूलने कागद एकच मागितला, शाळा सोडल्याचा दाखला.

गावच्या शाळेचे मुख्याध्यापक गहिनीनाथ गुरुजी यांनी जाडजूड रजिस्टर उघडले, त्यावरून बोट फिरवले आणि ते एका लाल शाईच्या ओळीवर थांबवले.

"दाखला दिलाय की. गेल्या साली."

"कुनाला?"

"आयेशालाच."

"आवो, ती परवापतूर तुमच्याच वर्गात बसत हुती!"

"बसत होती ती तोंडी," गुरुजी शांतपणे म्हणाले. "कागदावर ती गेल्या जूनमध्येच चौथी पास होऊन गेली. तेव्हा खरं तर तिची तिसरीच झाली होती, पण पोरगी हुशार. म्हटलं, चौथीही झाली असं धरून चालू."

हळूहळू उलगडा झाला. गुरुजींचे जावई ज्या ज्ञानगंगोत्री विद्यालयात मास्तर होते, तिथे पाचवीची नवी तुकडी मंजूर व्हायची होती आणि डोकी कमी पडत होती. सासऱ्याने जावयाला अकरा मुले दिली. मुले म्हणजे नुसती नावे. मुलांना याचा काहीच त्रास होऊ नये, याची गुरुजींनी काळजी घेतली होती.

"माज्या पोरीचं नाव चोरलं तुमी!" गनीभाई ओरडले.

गुरुजी मनापासून दुखावले. "चोरलं? गनीभाई, तोंडाला येईल ते बोलू नका. उसनं दिलंय. माझ्या पोरीच्या लग्नात तुमच्या मोहल्ल्यातली पातेली आणली होती, ती परत केली की नाही? तसंच हे. तुकडी पक्की झाली की देतील नाव परत."

"मंग दुसरा दाखला द्या."

"दुसरा कसा देणार? पहिला हरवला तर दुसरा. तुमचा तर नीट फायलीत आहे."

दुसऱ्या दिवशी गनीभाई एसटीने ज्ञानगंगोत्रीत पोचले. पत्र्याच्या शेडला गंगोत्री का म्हणायचे, हे विचारायला तिथे एकही विद्यार्थी नव्हता. कारकून भाऊसाहेब मात्र होता. त्याने चहा मागवला आणि आयेशाची फाईल इतक्या कौतुकाने पुढे ठेवली की गनीभाईंचा राग क्षणभर विरघळला. असे कौतुक त्यांच्या लेकीचे घरच्यांनीही केले नव्हते.

"हजेरी अठ्ठ्याण्णव टक्के. चार दिवस गैरहजर, तेही गोवरामुळे."

"तिला गोवर कवा आला?"

"आम्ही आणवतो. वर्षातून एकदा सगळ्यांनाच आणवतो, नाहीतर तपासणीत खोटं वाटतं. वर्तन उत्तम. धावण्यात दुसरी. आता सहावीत गेली. आणि ही प्रगतिपुस्तकावर तुमची सही."

सही झोकदार होती. गनीभाई स्वतःचा अंगठा बघत राहिले.

"पालक सभेलाही तुम्ही न चुकता येता," भाऊसाहेबाने दुसरे रजिस्टर काढले. "मागच्या सभेत शाळेच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केलंय तुम्ही. आणि आज असं तोंड फिरवता?"

"मला माजी पोरगी माघारी द्या," गनीभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात आता रागापेक्षा काकुळती जास्त होती.

"पट चाळीसचा आहे. एक गेली की एकोणचाळीस. तुकडी तुटली, मास्तर घरी बसला. एका पोरीसाठी एका कुटुंबाच्या पोटावर पाय देणार तुम्ही?"

पोरीच्या नावावर दुसऱ्याचे पोट भरत असेल, तर पोरीनेच थोडे सोसावे, हा विचार आपल्याकडे इतका रुळलेला आहे की गनीभाईंनी नकळत मान डोलावली. चहा पिऊन ते परतले.

मग कुणीतरी त्यांना सांगितले की नगरला अशा तक्रारींसाठी खास 'विद्यार्थी ओळख संरक्षण कक्ष' आहे. दाराबाहेर पाटी होती, 'प्रत्येक मूल हे देशाचे धन'. गनीभाईंनी धन सोबत नेले होते. साहेबांनी आयेशाकडे एक नजर टाकली आणि अर्जाकडे वळून विचारले, "ही आयेशाच कशावरून?"

"मी बाप हाय तिचा, साहेब."

"आयेशाच्या बापाची सही आमच्याकडे आहे. तुम्ही अंगठा करताय." साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "बरं, ती कागदावरची आयेशा सहावीत आहे, अठ्ठ्याण्णव टक्के हजर आहे. ही कुठेच नाही. मी कुणावर विश्वास ठेवायचा?"

गनीभाईंना राहवले नाही. "साहेब, आमच्या बाजारात बैल इकला तर पावतीवर रंग, शिंगं, शेपटीचा गोंडा, कपाळावरला चांद, समदं लिवत्यात. माज्या पोरीच्या दाखल्यावर एक तीळ तरी लिवलाय का कुनी?"

"बैलाची चोरी होते," साहेब म्हणाले.

मग त्यांनी छापील सूचनापत्रक दिले आणि कर्तव्यबुद्धीने वाचूनही दाखवले. पालकांनी पाल्याचे नाव अनोळखी इसमास सांगू नये. पाल्यास घराबाहेर नावाने हाक मारू नये. शाळेत हजेरी घेताना पाल्याने 'हजर' हा शब्द हळू आवाजात उच्चारावा. "चूक तुमचीच आहे. पोरगी वर्षभर मोठ्यानं हजर म्हणत राहिली, कुणाच्या तरी कानावर जाणारच," असा ठपका ठेवून त्यांनी शेवटी पडताळणीचा हुकूम मात्र काढला. अठ्ठावीस जूनला पथक ज्ञानगंगोत्रीत जाऊन एकेक मूल मोजणार. आयेशा जागेवर नसेल तर तिथले नाव रद्द, आणि दाखला मोकळा.

गनीभाईंनी त्या दिवशी नगरातल्या कोठल्याच्या स्टँडवर लेकीला पेढे खाऊ घातले. सरकारात अजून माणसे आहेत, असे ते एसटीत शेजारच्या प्रवाशाला सांगत होते.

सत्तावीसला गहिनीनाथ गुरुजी स्वतः घरी आले आणि अगदी जवळ सरकून बसले.

"गनीभाई, उद्या नाव रद्द झालं, तर रजिस्टरात काय शेरा पडेल ठाऊक आहे? बोगस. बोगस आयेशाला पुढं कुठली शाळा घेईल? आणि उद्या एक दिवस पोरगी तिथं बसली, तर परवा सकाळी कोरा करकरीत दाखला तुमच्या हातात. एकोणतीस तारीख. हायस्कूल चालू आहे. तुमचं तुम्ही बघा."

गनीभाई रात्रभर नव्हे, पण सबंध दुपार विचार करत बसले. दुसऱ्याचा बैल आपल्या दावणीला बांधून गिऱ्हाईकाला दाखवणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते आणि आयुष्यभर त्यांना शिव्या दिल्या होत्या. पण तीस जून दाराशी येऊन ठेपला होता. सकाळी टेम्पो आला, तेव्हा त्यांनी स्वतःच आयेशाला उचलून मागे बसवले. टेम्पोत गावातली बाकीची दहा मुले होती. त्यांचे आईबाप हात हलवत होते. त्यांतल्या कुणीही कधी तक्रार केली नव्हती, कारण सगळ्यांना नवा गणवेश मिळाला होता.

शेडमध्ये त्या दिवशी चाळीस मुले होती. पथकाने नावे पुकारली.

"आयेशा गनी शेख!"

"हजर!" आयेशा सूचनापत्रकाचा भंग करून मोठ्याने म्हणाली. तिला पाढे विचारले, एकोणतीसचा पाढा तिने न अडखळता म्हटला. साहेब खूश झाले आणि फोटो निघाला.

एकोणतीसला गनीभाई दाखला आणायला गेले. भाऊसाहेबाने हात जोडले. "कालपर्यंत कागदावर होती, तेव्हा देता आली असती. आता ती प्रत्यक्ष पडताळलेली विद्यार्थिनी आहे. शासनानं डोळ्यांनी पाहिलेलं मूल आम्ही कसं सोडणार?" कक्षाचे पत्रही पोचले होते. विद्यार्थिनी वर्गात समक्ष आढळली, सबब तक्रार खोटी; पालकाने एकाच मुलीस दोन शाळांत घालण्याचा प्रयत्न केल्याबद्दल खुलासा करावा. खुलाशाखाली अंगठा चालणार नव्हता.

तीस जून गेला. जुलैत आयेशा शेळ्या घेऊन माळावर जाऊ लागली. एकदा वाण्याकडून गूळ बांधून आलेला पेपरचा कागद तिने उलगडला आणि बापाला वाचून दाखवला. 'जिल्ह्यात एकही बोगस विद्यार्थी नाही; पडताळणीत शंभर टक्के मुले हजर.' फोटोत दुसऱ्या रांगेत ती स्वतः होती.

"अब्बा, आता परत तपासनी कवा हाय?" तिने विचारले. "मला जायचंय शाळेत."

गनीभाईंनी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला आणि तोंड फिरवले.

ती बातमी तुम्हीही वाचली असेल, पहिल्याच पानावर होती. शंभर टक्के वाचून तुम्हाला बरेही वाटले असेल. फोटोतली पोरे मोजायचे तुम्हाला काही कारण नव्हते. तुमची स्वतःची तर तेव्हा शाळेत गेली होती.