दाबके सर आणि गवंड्यांच्या खुणा

दाबके सर कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी भिंत वाजवतात. बोटं मुडपून टक टक, कान भिंतीजवळ, आणि मग निकाल. आमच्या घराचा निकाल पहिल्याच भेटीत लागला. "जिप्समचे पत्रे, आत पोकळ! खलास!" नवरा बिचारा नव्या फ्लॅटचं कौतुक सांगायला उठला होता, तो तसाच खाली बसला.

आमचं ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, एकतिसाव्या मजल्यावर. मी तिथे ड्रॉइंगं सांभाळते, सर बांधकामांची एस्टिमेटं काढतात. वय बासष्ट, एकटे. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, एखादी ईमेल पाठवायची राहून जावी तसं. उन्हाळ्यात सगळं ऑफिस आपापल्या गावी पळतं आणि सर इंग्लंडला जातात. त्यांना राजवाडे बघायचे नसतात. कुठल्याशा खेड्यातलं चर्च, धान्याचं जुनं कोठार, ओढ्यावरचा दगडी पूल, असलं काहीतरी. "लंडनला काय बघायचं? तिथेही आपल्यासारखीच काच!"

मागच्या वर्षी माझ्या मुलीला, रेवाला, तिकडच्या कॉलेजात सोडायचं होतं. नवऱ्याला सुटी मिळेना. सरांना कळल्यावर त्यांनी फर्मानच काढलं, "अश्विनी, दोन दिवस माझ्याबरोबर फिरा. पोरीला कळू दे कुठल्या देशात राहायचंय ते." मग भाड्याच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो.

पहिल्याच सकाळी एका शेताच्या कडेला गाडी थांबली. समोर गवत आणि चार मेंढ्या.

"लाटा दिसल्या?"

नीट पाहिलं तर खरंच, हिरवी जमीन वर-खाली होत पार कुंपणापर्यंत गेली होती.

"नांगराच्या आहेत. कित्येक शतकांपूर्वी बैल वळले, त्या सरी अजून तशाच आहेत."

"बट इट्स जस्ट ग्रास, अंकल," दुबईत वाढलेली माझी लेक म्हणाली.

"गवत वरचं गं. खाली माणसं आहेत."

रेवाने पटकन पाय उचलला. सर हसून हसून लाल झाले.

दुपारी एका खेड्यातल्या चर्चमध्ये शिरलो. बाहेर वाकड्या थडग्यांमध्ये म्हातारं झाड, आत मेणाचा वास. मी छताकडे बघत होते तेवढ्यात रेवाने कोपर मारलं. "ममा, ही इज हगिंग द पिलर!" सर खांबाला गाल लावून उभे होते. मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि आम्हाला बोलावलं. दगडावर बोटभर लांबीची एक खूण होती, बाणासारखी. खालच्या दगडावर दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले.

"गवंड्यांच्या सह्या. कुठला दगड कुणी घडवला ते कळावं म्हणून."

पितळी दिवे पुसणाऱ्या एक आजी जवळ आल्या. सरांनी बाणाकडे बोट दाखवत अदबीने विचारलं, "मॅडम, व्हॉट वॉज हिज नेम?"

"ओह, नोबडी नोज, डिअर."

सरांचा चेहरा पडला. चर्च बांधायला पैसे देणाऱ्या सरदाराचं नाव समोरच्या संगमरवरी पाटीवर होतं, बायको-मुलांसकट. सरांनी ती पाटी वाचलीसुद्धा नाही. बाहेर पडेपर्यंत ते त्या बाणावरून अंगठा फिरवत राहिले. मला गंमत वाटली होती. घरी येऊन मी नवऱ्याला त्यांची नक्कलही करून दाखवली.

या जानेवारीत एका शनिवारी सकाळी सरांचा फोन आला. "गाडी काढशील? करामाला जायचंय. आज माझ्याच्याने चालवणं होणार नाही."

करामा ही दुबईतली जुनी वस्ती. तिथल्या एका गल्लीत सहा मजली जुनी इमारत पाडायला घेतली होती. अर्धी पडलीच होती. उरलेल्या अर्ध्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या निळ्या टाइल्स उन्हात दिसत होत्या. दुबईत आल्यावर साइट इंजिनिअर म्हणून सरांनी उभी केलेली ही पहिली इमारत. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि पहिला नंबर लावला.

"सखाराम? दाबके बोलतोय, दुबईहून. खेडलाच आहेस ना? अरे, आपली करामाची बिल्डिंग पाडतायत... नाही, नाही, तक्रार कसली! तुला कळवायला नको? तुझा जिना उभाय अजून. मशीन दोनदा लागलं, हलला नाही."

पलीकडून मोठ्याने काहीतरी आलं. सर हसले. एकेक नंबर लागत गेला. कुणी मुंब्र्याला, कुणी चिपळूणला. एकाला ऐकू येत नव्हतं, त्याच्यासाठी सर गाडीत ओरडून बोलले. सगळ्यांना त्यांनी ज्याच्या त्याच्या कामाचं काहीतरी सांगितलं.

पाचवा फोन एका बाईंनी उचलला. सर ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "कधी? ...मला कुणी कळवलं नाही हो, वहिनी." कागदावरच्या त्या नावावर त्यांनी अंगठा टेकवला. "त्यांनी केलेली गच्ची एकाही पावसात गळली नाही. तेवढंच सांगायला फोन केला होता."

बाई काहीतरी विचारत होत्या. सरांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"फोटो मागतायत. म्हणाल्या, आयुष्यभर दुबई दुबई ऐकलं, त्यांनी बांधलेलं काही आम्ही कधी बघितलंच नाही."

ते उतरले आणि पत्र्याच्या कुंपणापाशी गेले. तिथल्या पठाण वॉचमनने हात आडवा केला. "फोटो मना है, साब." सर त्याच्याशी काहीतरी बोलले. काय ते मला काचेतून ऐकू आलं नाही, पण बोलताना एकदा त्यांनी गच्चीकडे बोट केलं आणि एकदा डोळे पुसले.

वॉचमनने वर बघितलं, मग सरांकडे. फाटक वीतभर उघडलं आणि तो पाठ करून उभा राहिला.

"जल्दी करो, साब," तो म्हणाला. "और छत पूरी आनी चाहिए."